आवड एकाची, नदी दोघांची

होस्टेलवर रात्री अकरानंतर दोनच गोष्टी होतात. एक मॅगी आणि दुसरी वादावादी. किशोर की रफी, चहा की कॉफी, मेकॅनिकल की कॉम्प्युटर, गावसकर की सचिन... विषय कुठलाही चालतो. अट एकच, पर्याय दोनच हवेत आणि निकाल लागता कामा नये. शेवटी शेजारच्या रूममधलं कुणीतरी दार आपटतं आणि सभा बरखास्त होते.

असाच एक वाद कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर कित्येक वर्षं चालू आहे. सॅमन की स्टीलहेड? म्हणजे गळ टाकून पकडायला जास्त मजा कुठल्या माशाची? हसू नका. तिथले गळवाले या प्रश्नावर आपल्या किशोर-रफीवाल्यांइतकेच हट्टी असतात. आणि त्या वादात ज्याचं नाव आल्यावर दोन्ही बाजू जरा मान देऊन ऐकतात, तो माणूस म्हणजे रॉडरिक हेग-ब्राऊन. जन्मानं इंग्रज, कर्मभूमी कॅनडा. लाकूडतोड्या, लेखक, न्यायाधीश आणि नदीचा वकील. आपल्या कॉलेजच्या मासिकात त्याची गोष्ट सांगायचं कारण असं, की या माशांच्या गोष्टीत धरणं, टर्बाइन आणि विसर्ग, म्हणजे आपला अर्धा सिलॅबस येतो.

आधी मासे ओळखून घेऊ, कारण आपल्याकडे इथेच गोंधळ होतो. मुंबई-गोव्याच्या बाजारात रावसाला इंडियन सॅमन म्हणतात. रावस चवीला झकास, पण खऱ्या सॅमनशी त्याचं काही नातं नाही. खरा सॅमन थंड पाण्यातला. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या पाच जाती आहेत: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. नदीच्या तळाशी खडीत अंड्यातून बाहेर यायचं, समुद्रात जायचं, तिथे खाऊनपिऊन मोठं व्हायचं आणि मग आपल्याच नदीत परत येऊन अंडी घालायची, असा त्याचा क्रम. नदीत शिरला की तो खाणं सोडतो. अंगात साठवलेली सगळी ताकद प्रवासात आणि अंडी घालण्यात संपते, आणि तो मरतो. एकच अटेम्प्ट. केटी-बिटी काही नाही.

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट. जन्म त्याच खडीत, वाट तीच. पण दोन फरक आहेत. एक, त्याचं पिल्लू समुद्रात जाण्याआधी साधारण दोन-तीन वर्षं नदीतच वाढतं. पिंक आणि चम जातीची पिल्लं मात्र खडीतून वर आली की लगेच समुद्राची वाट धरतात. दुसरा फरक असा, की अंडी घातल्यावर सगळेच स्टीलहेड मरत नाहीत. काहीजण पुन्हा समुद्रात जातात आणि पुन्हा परत येतात.

पकडण्याची तऱ्हाही वेगळी. कॅम्पबेल नदीच्या मुखाशी मोठ्या चिनूकसाठी वल्ह्याच्या बोटीतून गळ टाकतात. एकजण वल्हवतो, दुसरा काठी धरून बसतो. १९२४ मध्ये तिथे टाई क्लब निघाला. त्याचा नियम साधा: वल्ह्याची बोट, कृत्रिम आमिष आणि मासा किमान ३० पौंडांचा, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. तेवढा मासा मिळाला की तुम्ही मेंबर. स्टीलहेडचं तसं नाही. तो येतो कडाक्याच्या थंडीत. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, बोटं बधिर होईपर्यंत दोरी फेकत राहायचं आणि बहुतेक दिवशी रिकाम्या हातानं घरी यायचं. सॅमनचे थवे येतात, स्टीलहेड विखुरलेला असतो. सॅमनमागे बाजार असतो, कॅनिंगचे कारखाने असतात. स्टीलहेडच्या मागे बहुतेक वेडे लोक असतात.

हेग-ब्राऊन त्या वेड्यांपैकीच एक. त्याचा जन्म २१ फेब्रुवारी १९०८ चा, इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या लॅन्सिंगचा. वडील शिक्षक, लेखक आणि सैन्यात अधिकारी. पहिल्या महायुद्धात मार्च १९१८ मध्ये ते मारले गेले, तेव्हा पोरगा दहा वर्षांचा होता. पुढचं बालपण आईच्या माहेरी, डॉर्सेट परगण्यात गेलं. तिथली फ्रोम नदी त्याची पहिली शाळा. गळ टाकायला, पाणी वाचायला, थांबायला तो तिथे शिकला. अटलांटिक सॅमन हा इंग्लंडात मानाचा मासा. त्यामुळे पोराच्या डोक्यात पहिलं स्वप्न सॅमनचंच होतं.

खरी शाळा मात्र त्याला मानवली नाही. चार्टरहाऊस ही इंग्लंडमधली नामांकित शाळा. त्याचे आजोबा विल्यम हेग ब्राऊन तिथे अनेक वर्षं हेडमास्तर होते. अशा शाळेतून नातवाला काढून टाकलं! घरच्यांची काय अवस्था झाली असेल, ते प्रत्येक ड्रॉप लागलेल्यानं स्वतःच्या घरावरून ताडावं. पुढे त्याला सरकारी नोकरीत घालायचा विचार होता, पण वय कमी पडत होतं. मग १९२६ मध्ये अठरा वर्षांचा हा मुलगा अमेरिकेत, सिएटलकडे आला आणि वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात लाकूडतोडीच्या कॅम्पवर काम करू लागला. तिथेच त्याला पहिल्यांदा स्टीलहेड भेटला. व्हिसा संपला तसा तो सीमा ओलांडून कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या व्हँकुव्हर बेटावर गेला. निम्पकिश नदीच्या भागात त्यानं पडेल ते काम केलं. झाडं तोडली, फासे लावून जनावरं धरली, जाळी टाकून पोटासाठी मासे पकडले, आलेल्या पाहुण्यांना वाट दाखवली.

हे सांगायचं कारण असं, की पुढे निसर्गासाठी भांडणारा हा माणूस खुर्चीत बसून भांडणारा नव्हता. कुऱ्हाड आणि जाळं त्याच्या हातात होतं. झाड पडतं कसं आणि जाळ्यात सापडतं काय, हे त्यानं जवळून पाहिलं होतं.

मधे तो इंग्लंडला परत गेला. १९३१ मध्ये त्याचं पहिलं पुस्तक आलं, ‘सिल्व्हर’. एका अटलांटिक सॅमनची जीवनकथा, मुलांसाठी लिहिलेली. त्याच वर्षी तो पुन्हा कॅनडाला आला, आता कायमचा. १९३४ मध्ये सिएटलच्या अ‍ॅन एल्मोरशी त्याचं लग्न झालं आणि दोघं व्हँकुव्हर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, कॅम्पबेल रिव्हर या गावी राहू लागले. घर अगदी नदीकाठी. चार मुलं, थोडी शेती, पुस्तकांनी भरलेली अभ्यासिका आणि खिडकीतून दिसणारी नदी. अ‍ॅन स्वतः दांडगी वाचणारी, पुढे शाळेत ग्रंथपाल झाली. लिहायचा कंटाळा आला की काठी घ्यायची आणि बागेच्या टोकाला जायचं. इतकं सोपं. आपल्या होस्टेलमागे फक्त नाला आहे, ही आपली अडचण.

आता मूळ प्रश्न. त्याला कोण जास्त आवडायचं?

त्याच्या पुस्तकांकडे पाहिलं तर गंमत दिसते. १९४६ च्या ‘अ रिव्हर नेव्हर स्लीप्स’ या पुस्तकाची रचना बारा महिन्यांप्रमाणे आहे. वर्ष सुरू होतं जानेवारीत आणि जानेवारीचा मासा आहे स्टीलहेड. थंडी, धुकं, बर्फासारखं पाणी आणि एका माशासाठी दिवसभराची पायपीट. कॅम्पबेल नदीत उन्हाळ्यातही थोडे स्टीलहेड येत. ते पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला वर येतात, हे त्याला कळलं. त्यासाठी त्यानं मधमाशीसारखी दिसणारी पिसांची खोटी माशी बांधली. स्टीलहेड बी हे तिचं नाव. आजही लोक ती बांधतात. थोडक्यात, हातात काठी असताना त्याचं मन स्टीलहेडकडे ओढलं जात होतं.

पण हातात लेखणी आली की तो सॅमनकडे वळायचा. पहिलं पुस्तक सॅमनवर. १९४१ चं ‘रिटर्न टु द रिव्हर’ हेसुद्धा सॅमनवरच. कोलंबिया नदीतल्या एका चिनूक मादीची, तिच्या जन्मापासून मरणापर्यंतची गोष्ट. काळ बघा. कोलंबियावर १९३८ मध्ये बॉनव्हिल धरण पूर्ण झालं होतं. त्याला माशांसाठी पायऱ्यांचा मार्ग होता. १९४२ मध्ये वर ग्रँड कूली धरण पूर्ण झालं, त्याला मात्र माशांसाठी वाटच ठेवली नाही. वरची शेकडो मैलांची नदी सॅमनला कायमची बंद झाली. अशा वेळी एका माशाच्या नजरेतून नदी सांगणं म्हणजे नुसती गोष्ट सांगणं नव्हे.

मला वाटतं, इथेच त्याचं उत्तर आहे. आवड एक होती, जबाबदारी दुसरी होती. आणि या दोन गोष्टी एकच असायला हव्यात असा हट्ट त्यानं धरला नाही.

यामागे एक साधं कारणही आहे. सॅमन हजारोंच्या संख्येनं नदीत येतो आणि मरतो, तेव्हा ती नासाडी नसते. त्याची इकडेतिकडे वाहिलेली अंडी आणि कुजणारं शरीर हेच नदीतल्या स्टीलहेडच्या पिल्लांचं अन्न. समुद्रातली ताकद सॅमन पाठीवर आणून नदीत ओततो आणि ती खाऊन स्टीलहेड वाढतो. १९९० च्या दशकात वॉशिंग्टनमधल्या ओढ्यांवर झालेल्या अभ्यासात हे मोजूनही दाखवलं गेलं. हेग-ब्राऊन तोवर हयात नव्हता, पण नदीकाठी चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला ढोबळ हिशेब माहीत होता. पन्नाशी उलटल्यावर तो डायव्हिंगचा पोशाख चढवून स्वतः नदीत उतरू लागला आणि मासे पाण्याखाली काय करतात ते बघू लागला. गळ न टाकता! १९६४ च्या ‘फिशरमन्स फॉल’मध्ये ते अनुभव आहेत.

आणखी एक मजा. त्याच्या हयातीत शास्त्रज्ञ स्टीलहेडला अटलांटिक सॅमनच्या ‘साल्मो’ कुळात टाकत. १९८९ मध्ये त्याला तिथून काढून पॅसिफिक सॅमनच्या ‘ऑन्कोरिंकस’ कुळात घेतलं गेलं. म्हणजे इतकी वर्षं ज्या दोघांवरून भांडण चाललं होतं, ते निघाले चुलतभाऊ.

आता धरणाकडे येऊ. कॅम्पबेल नदीवर एल्क धबधबा आहे. मासे त्याच्या वर जाऊ शकत नाहीत. धबधब्यापासून समुद्रापर्यंतची जेमतेम पाचेक किलोमीटरची नदी, एवढंच त्यांचं घर. १९४७ मध्ये धबधब्याच्या वर जॉन हार्ट धरण झालं आणि पाणी पाइपांतून खालच्या वीजकेंद्रात जाऊ लागलं. मासे वर जातच नव्हते, मग नुकसान काय? परीक्षेत आपणही हेच लिहिलं असतं. पण धरणानं वरून येणारी खडी अडवली. पुरात जुनी खडी वाहून जाते आणि नवी येत नाही. मग अंडी घालायची कुठे? दुसरं, विजेची मागणी बदलली की टर्बाइनमधून येणारं पाणी बदलतं. मशीन अचानक बंद पडलं तर खालची पातळी झपकन उतरते आणि काठची पिल्लं कोरडी पडतात. ज्या माशाचं पिल्लू दोन-तीन वर्षं नदीत राहतं, त्याच्यासाठी असा एक दिवससुद्धा पुरेसा असतो. हेग-ब्राऊनचं घर याच पट्ट्यात होतं. हा धडा त्यानं खिडकीतून पाहिला.

तो धरणाचा सरसकट विरोधक नव्हता. गावाला वीज हवी, कामं हवीत, हे त्याला कळत होतं. पण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वीज खात्यानं वरच्या बटल लेकवर धरण बांधायचं ठरवलं, तेव्हा तो उभा राहिला. बटल लेक स्ट्रॅथकोना पार्कमध्ये आहे. १९११ मध्ये राखून ठेवलेलं हे ब्रिटिश कोलंबियाचं सगळ्यात जुनं प्रांतीय उद्यान. त्याचं म्हणणं असं होतं, की लोकांसाठी राखलेली जागा गैरसोय झाली म्हणून परत घ्यायची नसते. सभा, लेख, पत्रं, सुनावण्या यांत त्याची वर्षं गेली. लिखाण मागे पडलं. प्रगतीच्या आड येणारा माणूस अशी टीकाही सोसावी लागली.

निकाल? अर्धा विजय, अर्धा पराभव. बटल लेकच्या तोंडावरचं धरण रद्द झालं. पण १९५८ मध्ये खाली अप्पर कॅम्पबेल सरोवरावर स्ट्रॅथकोना धरण झालं आणि त्याच्या पाण्यानं बटल लेकची पातळीही वर चढली. काठची झाडी गेली. सिनेमात असतं तसं शेवटी टाळ्या, असं काही झालं नाही.

पण तो थांबला नाही. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो गावात मॅजिस्ट्रेट होता. कायद्याची पदवी नव्हती, तरी तीस वर्षांहून जास्त काळ त्यानं हे काम केलं. मधे १९४३ ते १९४५ सैन्यात काढली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो व्हिक्टोरिया विद्यापीठाचा कुलपती झाला. शाळेनं काढून टाकलेला आणि विद्यापीठात कधी न शिकलेला माणूस कुलपती! बॅकलॉगवाल्यांनी एवढा परिच्छेद कापून भिंतीवर लावायला हरकत नाही. फक्त मधली चाळीस वर्षांची मेहनत विसरू नये.

पुढे तो फ्रेझर नदीच्या सॅमनची देखभाल करणाऱ्या कॅनडा-अमेरिका आयोगावर सभासद झाला. या आयोगाची कथा आपल्यासाठी खास आहे. १९१३-१४ मध्ये फ्रेझरच्या हेल्स गेट या अरुंद घळीत रेल्वेच्या बांधकामामुळे दरडी कोसळल्या. पाण्याचा वेग इतका वाढला की सॉकाय सॅमनला वर चढता येईना आणि संख्या कोसळली. चूक इंजिनिअरिंगची होती. दुरुस्तीही इंजिनिअरिंगनंच केली. बरीच वर्षं मोजमापं घेऊन १९४५-४६ मध्ये तिथे काँक्रीटचे मत्स्यमार्ग बांधले. भिंतींमध्ये उभ्या फटी ठेवायच्या, मधल्या टाक्यांत पाण्याचा जोर जिरवायचा, म्हणजे नदी चढो की उतरो, मासा दम घेत घेत वर जातो. त्याच फ्रेझरच्या मुख्य प्रवाहावर मोरान नावाचं महाकाय धरण बांधायचा घाट अनेक वर्षं घातला जात होता. विरोध करणाऱ्यांत हेग-ब्राऊन पुढे होता. १९७० च्या दशकात तो बेत बारगळला. फ्रेझरच्या मुख्य प्रवाहावर आजही एकही धरण नाही.

ऑक्टोबर १९७६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, राहत्या घरी तो अचानक गेला. ऑक्टोबर म्हणजे सॅमन नदीत चढण्याचा महिना.

पुढच्याच वर्षी अ‍ॅडम्स नदीकाठच्या उद्यानाला त्याचं नाव दिलं गेलं. दर चार वर्षांनी तिथे लाखो लालभडक सॉकाय येतात आणि बघायला माणसांची जत्रा भरते. २०१८ मध्ये त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं नाव, त्सुत्सवेक्व, उद्यानाला दिलं गेलं. नद्यांना आपल्याआधी नावं होती, हे मानणाऱ्या माणसाला त्याचं वाईट वाटलं नसतं असं मला वाटतं.

कॅम्पबेल नदीवरही बदल झाला. जॉन हार्टचे जुने पाइप आणि वीजकेंद्र बदलून सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा आणि भूमिगत केंद्र बांधलं, ते २०१८-१९ मध्ये पूर्ण झालं. त्यात टर्बाइन बंद पडलं तरी खाली पाणी सोडत राहणारी बायपासची सोय मुद्दाम ठेवली आहे. पत्र्यावर कोरलेल्या नावापेक्षा असा एक व्हॉल्व्ह हे जास्त चांगलं स्मारक नाही का?

पण गोष्ट गोड करून संपवता येत नाही. अ‍ॅडम्स नदीचं पाणी ज्या थॉम्प्सन नदीला मिळतं, तिथला स्टीलहेड एके काळी जगप्रसिद्ध होता. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी त्याला धोक्यात आलेला ठरवलं. परत येणारे मासे काही शेंवर आले होते. कारणं बरीच आहेत, पण त्यातलं एक असं: सॅमनसाठी लावलेल्या जाळ्यांत हे स्टीलहेडही अडकतात. २०१९ मध्ये कॅनडा सरकारनं त्याला संरक्षित यादीत घ्यायला नकार दिला. यादीत घेतलं असतं तर सॅमनची मासेमारी आवळावी लागली असती. म्हणजे सॅमन की स्टीलहेड, हा गप्पांचा प्रश्न आता खरोखरच कुणाच्या तरी टेबलावरची फाइल झाला आहे. तिथे निकाल लागतो आणि हरणारा पुन्हा वाद घालायला येत नाही.

उद्या आपल्यापैकी कुणीतरी अशा टेबलामागे बसणार आहे. सिव्हिलवाला विसर्ग ठरवेल, इलेक्ट्रिकलवाला लोड बघेल, मेकॅनिकलवाला व्हॉल्व्हचं ड्रॉइंग काढेल. समोर दोन कॉलम असतील आणि एकावर टिक मारायला सांगतील. तेव्हा आपली आवड बाजूला ठेवून एकदा विचारावं, की या दोघांना पोसणारी नदी या कागदावर कुठे आहे?

बाकी किशोर की रफी, ते रात्री अकरानंतर बघू.